कागलहून मुंबईला चालतं, मग निपाणीला का नाही?

"ताई, मी कागलची. चार वर्षं झाली घरी कांदा-लसूण मसाला, तिखट, पापड करून विकते, दिवाळीत फराळ पण असतो. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर, पार्सल कुरिअरने. गेल्या वर्षी ९ लाखांची विक्री झाली. आता एका मोठ्या ऑनलाइन साइटवर माल टाकावा म्हणतेय तर ते सुरुवातीलाच जीएसटी नंबर मागतात. पुतण्या म्हणतो ४० लाखांच्या आत काही लागत नाही. एक एजंट म्हणतो लागतोच, ५ हजार द्या काढून देतो. सासरे म्हणतात सेल्स टॅक्सच्या भानगडीत पडू नको. मिस्टरांचं किराणा दुकान आहे, वर्षाला ३३ लाखांच्या आसपास, त्यांचाही नंबर नाही. माझे पैसे त्यांच्याच क्यूआरवर येतात. गिऱ्हाईक कोल्हापूर, पुणे, मुंबईचं, आणि निपाणी, बेळगाव, पणजीचं पण. मिरची मात्र ब्याडगीची आणतो. नेमकं काय करू?"

अगं, आधी त्या एजंटला ५ हजार देऊ नकोस. जीएसटी नंबर काढायला सरकारी फी नाही, अजिबात नाही. पोर्टलवर फॉर्म भरायचा, पॅन, आधार, फोटो, घराचं लाइट बिल, घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, एवढंच लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या धंद्यांना आधारची पडताळणी झाली की तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर द्यायची सोय पण केलीये, आणि तुझं गिऱ्हाईक घरगुती आहे, नंबरवाले व्यापारी नाहीत, म्हणून तू त्यात बसतेस. कुणाला हे जमत नसेल आणि त्याने कामाचे पैसे देऊन करून घेतलं तर त्यात वावगं काही नाही, पण ती त्या माणसाची मजुरी आहे, सरकारची फी नाही, हे माहीत असावं.

आता पुतण्याचं. ४० लाखांची मर्यादा खरी आहे, माल विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पासून आहे. पण त्याच कायद्यात पुढे दुसरं एक कलम आहे, २४ नंबरचं, त्यात अशांची यादी आहे की ज्यांना विक्री एक रुपयाची असली तरी नंबर घ्यावाच लागतो. त्या यादीत करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणारे पहिलेच आहेत, आणि ऑनलाइन साइटवरून माल विकणारे पण आहेत. म्हणजे तुझ्या बाबतीत पार्सल जातं कुठं हे आधी बघायचं, ४० लाखांचा हिशोब त्याच्यानंतर.

कागलहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि निपाणी वीसेक किलोमीटर, तुझ्याकडची अर्धी माणसं तिथे बाजाराला जात असतील, सोयरीक असेल. पण टॅक्सच्या हिशोबात मुंबई घरातली आणि निपाणी परराज्यातली, पणजीचं पण तसंच. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा पुष्कळांना वाटलं आता देशभर एकच टॅक्स, राज्यांच्या सीमा संपल्या. दर एक झाले गं, सीमा राहिल्या. कारण हा टॅक्स माल जिथं वापरला जातो त्या राज्याला मिळायचा असतो, तू निपाणीला मसाला पाठवलास तर त्यातला राज्याचा वाटा कर्नाटकचा, आणि तो तिथे पोचवायचा तर पाठवणारा कोण हे कुठेतरी नोंदलेलं पाहिजे. म्हणून सीमा ओलांडली की नंबर, मग पार्सल अर्ध्या किलोचं का असेना. व्हॉट्सॲपवरची ऑर्डर आहे, साइटवरची नाही, असं म्हणून ह्यातून सुटका होत नाही, ऑर्डर कशी आली ह्याला इथं अर्थच नाही.

निपाणीची बाई तुझ्या घरी येऊन रोख पैसे देऊन पाकीट घेऊन गेली आणि बिलावर तिचा पत्ता नाही, तर ती विक्री कागलचीच. तू कुरिअरने तिच्या पत्त्यावर पाठवलंस की ती कर्नाटकातली.

पापडाचं वेगळं आहे. पापडावर जीएसटी शून्य आहे आणि सीमेचा तो नियम करपात्र मालासाठी आहे, त्यामुळे नुसते पापड बेळगावला पाठवले तर त्यापायी नंबर लागत नाही. मसाला गेला की लागतो. पण पापडाची विक्री ४० लाखांच्या मोजणीत धरतातच, हे बरेच जण विसरतात, करमाफ मालाची विक्रीही एकूण उलाढालीत येते. आणि कुरडया, सांडगे हे पापडातच येतात असं मनानेच ठरवू नकोस, माल कुठल्या नावाखाली बसतो त्यावर दर ठरतो आणि ह्या पदार्थांवरून वाद झालेले आहेत. बाकी तिखट, हळद, मसाला, लोणचं, लाडू, पाकीटबंद चिवडा-चकली-शेव, सगळं ५ टक्क्यांत आहे. चिवडा आणि लोणच्यावर आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ वर आला, तुझ्यासारख्या फराळवाल्यांना हा मोठा आधार झाला आणि मला त्याचा खरंच आनंद झाला, कारण आधी एकाच खोक्यात लाडू ५ चा आणि चकली १२ ची, त्याचं बिल करताना जीव जायचा.

ब्याडगीहून मिरची आणण्याची काळजी सोड. तू परराज्यातून विकत घेतेस, विकत नाहीस. खरेदीमुळे नंबर लागत नाही.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट तू विचारलेलीच नाहीस, ती म्हणजे मिस्टरांचा क्यूआर. ४० लाख मोजतात ते पॅनवर, दुकानावर नाही, नावावर नाही, एका पॅनखालचे सगळे धंदे मिळून देशभरातली विक्री धरतात. दुकानाचे ३३ आणि तुझे ९, दोन्ही त्यांच्या खात्यात जमा होतात, म्हणजे कुणी नुसतं खातं बघितलं तर ४२ लाख दिसणार. तू म्हणशील मसाला माझा आहे. आहेच, पण ते कागदावर कुठं दिसतंय? २०२५ च्या जुलैमध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवरच्या जमेवरून नोटिसा गेल्या, त्यात दूध-भाजी विकणारे पण होते ज्यांच्या मालावर टॅक्सच नाही, आणि त्यांना ते समजावून सांगत बसावं लागलं. म्हणून ह्याच आठवड्यात तुझ्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनवर करंट खातं काढ, स्वतःचा क्यूआर घे, मिरचीची, पाकिटांची, कुरिअरची बिलं तुझ्या नावाने घे. पण हे दाखवण्यापुरतं करायचं नाही, धंदा खरंच तुझा आहे म्हणून तो तुझ्या नावावर आणायचाय. खरं सांगू का, टॅक्स बाजूला ठेवला तरी मी तुला हेच सांगितलं असतं. चार वर्षं पहाटे उठून तू मिरच्या भाजतेस आणि तुझ्या नावावर एक रुपयाची विक्री दिसत नाही, उद्या कर्ज मागायला गेलीस तर काय दाखवशील.

आणि मिस्टरांना विचार, दुकानात रिचार्ज, पैसे पाठवणं असलं काही कमिशनवर करतात का. ४० लाखांची सवलत फक्त मालच विकणाऱ्यांना आहे, कमिशन ही सेवा झाली, आणि सेवा आली की मर्यादा २० लाखांची होते. तसं असेल तर त्यांचं तुझ्यापेक्षा आधी बघावं लागेल, मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

बरं, आता साइटवर जायचं कसं. आधी साइटवर विकायचं म्हणजे नंबर हवाच असा नियम होता, १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात छोट्यांना वाट दिलीये. विक्री मर्यादेच्या आत असेल तर नंबर न काढता पोर्टलवर नुसता एक नावनोंदणी क्रमांक मिळतो, एनरोलमेंट नंबर म्हणतात त्याला, पॅन आणि पत्ता देऊन. तो घेऊन साइटवर विकता येतं, रिटर्न भरायचं नाही, साइट जीएसटीचा टीसीएस, म्हणजे तुझ्या पैशातून आगाऊ कापायचा टॅक्स, तोही कापत नाही. अटी दोन जड आहेत, एकाच राज्यातून विकायचं आणि राज्याबाहेर काही म्हणजे काही पाठवायचं नाही. इथे "करपात्र" हा शब्द नाहीये, त्यामुळे पापडाचं पाकीटसुद्धा बेळगावला गेलं तर अट मोडली, आणि ते व्हॉट्सॲपवरून गेलं तरी मोडलीच. सगळ्या साइट्स हा क्रमांक घेतात असंही धरून चालू नकोस, आधी त्यांच्या मदत विभागाला लेखी विचारून घे.

दुसरी वाट कॉम्पोझिशनची. दीड कोटीपर्यंतच्या धंद्यांना आहे, टॅक्स सरसकट १ टक्का, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, खरेदीवर भरलेला परत मिळत नाही. साइटवर विकणाऱ्यांना ही आधी बंद होती, ती पण १ ऑक्टोबर २०२३ पासून उघडली. पण राज्याबाहेर विकायचं नाही हे इथेही आहेच.

तिसरी म्हणजे नेहमीचा पूर्ण नंबर, त्यात कुठेही पाठव. पण मग घरच्या ओट्यावर शेजारणीला विकलेल्या तिखटावरही टॅक्स लागतो, नंबर घेतला की पहिल्या रुपयापासून सगळी विक्री धरायची, फक्त परराज्यातली नाही.

आकडे मांडून बघू, नाहीतर हे सगळं हवेतच राहील. समज तुझं पाव किलोचं पाकीट साइटवर २१० ला आहे आणि महिन्याला ५०० जातात, झाले १ लाख ५ हजार. साइटचं कमिशन समज १५ हजार, त्यावर त्यांचा १८ टक्के जीएसटी २,७००. नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर तुझ्या हातात येतील ८७,३००. कॉम्पोझिशनमध्ये त्यातून १,०५० टॅक्स जाईल, राहिले ८६,२५०. पूर्ण नंबर असेल तर २१० मध्ये २०० तुझे आणि १० टॅक्सचे, म्हणजे ५ हजार टॅक्स, त्यातून कमिशनवरचे २,७०० वजा होतात, भरायचे २,३००, आणि हातात राहतात बरोबर ८५ हजार. म्हणजे महिना लाखाच्या विक्रीवर सीमेपलीकडे पाठवायची किंमत २,३०० रुपये पडते. त्यातही पाकिटांवरचा, कुरिअरवरचा टॅक्स परत मिळतो तो मी धरलेला नाही, तो धरला की अजून कमी पडेल. आता तूच बघ, निपाणी, बेळगाव, पणजी मिळून तुला महिन्याला २,३०० पेक्षा जास्त सुटतात का. माझा अंदाज आहे नक्की सुटत असणार, गोव्यात आणि बेळगावात आपल्या मसाल्याला गिऱ्हाईक आहे ते एकदा लागलं की सोडत नाही. म्हणून माझं मत विचारशील तर तू पूर्ण नंबर घे. पण वही काढून बघितलंस आणि परराज्यातली पार्सलं वर्षाला दहा-बाराच निघाली तर ती बंद कर आणि नावनोंदणी क्रमांकावर साइटवर जा, त्यात कमीपणा काही नाही.

पूर्ण नंबर घेतलास तर साइट तुझ्या पैशातून अर्धा टक्का टीसीएस कापेल, ते बघून घाबरू नकोस. आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा झालाय. वरच्या उदाहरणात ५०० रुपये. तो खर्च नाही, आगाऊ कापलेला तुझाच टॅक्स आहे, पोर्टलवर जाऊन तो स्वीकारला की तुझ्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या टॅक्स भरायच्या खात्यात, येतो आणि २,३०० ऐवजी १,८०० च भरावे लागतात. स्वीकारायचं बटण न दाबल्यामुळे वर्षवर्षभर ते पैसे तसेच पडून राहिलेले मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगते. इन्कम टॅक्सचा टीडीएस वेगळा, त्यात साइटवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तुझ्यासारख्या एकट्या व्यक्तीचं कापत नाहीत.

नंबर घेण्यापेक्षा तो सांभाळणं अवघड आहे, आणि इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, हातमागाच्या पिशव्या करायच्या, कुणीतरी नंबर काढून दिला आणि नंतर विक्रीच झाली नाही म्हणून त्यांनी रिटर्न भरलीच नाहीत. विक्री शून्य असली तरी शून्याचं रिटर्न भरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, दिवसाला २० रुपये लेट फी चढत गेली आणि शेवटी नंबर रद्द झाल्याची नोटीस हातात. त्या माझ्यासमोर रडल्या, विक्री नाही आणि वर दंड. विक्री असताना उशीर झाला तर दिवसाला ५० आणि राहिलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्के व्याज. तू तिमाही पद्धत घे, क्यूआरएमपी म्हणतात, ५ कोटीपर्यंत चालते. त्यात जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत, महाराष्ट्रासाठी जीएसटीआर-३बी (टॅक्सच्या हिशोबाचं रिटर्न) २२ पर्यंत, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. ह्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, गॅसच्या नोंदी जिथे लिहितेस तिथेच.

बिलात गिऱ्हाइकाचं राज्य पाहिजे. पुण्याच्या पार्सलवर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच राज्याचा, निपाणीच्या पार्सलवर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, गिऱ्हाइकाला दोन्हीकडे सारखंच पडतं. कुरिअरचे पैसे तू गिऱ्हाइकाकडून घेत असशील तर तेही मसाल्याच्या किमतीत धरून त्यावर ५ टक्के लावायचा, हे नव्वद टक्के लोक चुकतात असं मला माझ्या कामावरून वाटतं. साइटवाले म्हणतील माल आमच्या गोदामात ठेवा, डिलिव्हरी लवकर होईल, तर गोदाम भिवंडीला असेल तर ते तुझ्या नोंदणीत जादा जागा म्हणून घालता येतं, पण बेंगळुरू किंवा हैदराबादच्या गोदामात माल ठेवलास की त्या राज्याचा वेगळा नंबर काढावा लागतो. सुरुवातीची दोन वर्षं तरी घरूनच पाठव.

राहिली गेल्या दिवाळीत पाठवलेली निपाणी-पणजीची पार्सलं. झालं ते झालं म्हणून झाकू नकोस आणि रात्रीची झोपही घालवू नकोस. ९ लाखांतली परराज्यातली विक्री किती होती ते कुरिअरच्या पावत्यांवरून काढ आणि कोल्हापुरातल्या एखाद्या चांगल्या सीएकडे तो कागद घेऊन जा. नोटीस येण्याआधी आपणहून टॅक्स आणि व्याज भरलं तर दंड लागत नाही अशी सोय कायद्यात आहे, मुद्दाम लपवलेलं नसेल तर. लपवल्याचं निघालं तर दंड १० हजार किंवा बुडवलेला टॅक्स, ह्यात जे जास्त ते. ह्या कामाला मात्र फी द्यावी लागली तर दे.

सासऱ्यांचं ऐकताना एवढं लक्षात घे की त्यांनी पाहिलेला सेल्स टॅक्स म्हणजे १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याचा, मग २००५ ला व्हॅट आला, परराज्यात माल द्यायचा तर सी फॉर्म, शहरात शिरताना जकात नाका, प्रत्येक ठिकाणी माणसासमोर उभं राहायचं. त्यांची भीती खोटी नाही, त्यांनी ते भोगलंय. त्यांना शेजारी बसवून फॉर्म भर, घराचं संमतीपत्र त्यांच्याच सहीने लागणार आहे, आणि तो सगळा फॉर्म घरात बसून भरता येतो हे त्यांना बघू दे.

नंबरचं ठरवायला चार दिवस लागले तरी चालतील, पण वहीत आजपासून एक रकाना वाढव, पार्सल कुठल्या राज्यात गेलं. मागे एप्रिलपर्यंत जाऊन कुरिअरच्या पावत्यांवरून तो भरून काढ, पापड वेगळे आणि मसाला-फराळ वेगळा लिही, आणि तो आकडा निघाला की मला परत लिही, म्हणजे २,३०० देणं परवडतं का ते तुझ्या खऱ्या आकड्यांवर बघू.